जाताना आठ तास, येताना तीन

मी एकदा माझ्या पोटच्या लेकीला खोटारडी म्हटलं. तेही रागाच्या भरात नाही. चांगली वही घेतली, पेन्सिलीनं वजाबाकी मांडली, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि मग म्हटलं. वजाबाकी अगदी बरोबर होती. साडेदहातून साडेसात गेले, उरले तीन. पहिलीतलं पोरही हेच उत्तर काढेल, आणि पहिलीतल्या पोराइतकीच माझी अक्कल त्या दिवशी चालली होती.

त्या वेळी मी तशी तरुण होते, छपन्न वर्षांची. राहुरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला भूगोल शिकवायची. हातात छडी नसायची, पण डोळे असे करायची की पोरं आपोआप अक्षांश-रेखांश सांगायला लागायची. गावातल्या कुणाचा मुलगा सैन्यात लागला की त्याची आई माझ्याकडे यायची. "बाई, जम्मू कुठं आलं वो?" मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी टेकवून दाखवायची. ती माउली नकाशाला हात जोडून घरी जायची आणि मी पुढचे दोन दिवस जमिनीच्या वीतभर वरून चालायची. आज सहासष्टाव्या वर्षी त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा वाटतं, जवळ जाऊन तिचा कान पिळावा. उपयोग काही झाला नसता. ती कान पिळणाऱ्यालाच कानाचे भाग विचारत बसली असती.

आता हे तीन तासांचं प्रकरण कसं झालं ते सांगते.

आमच्याकडे अंतर विचारलं तर किलोमीटर कुणी सांगत नाही. नगर किती लांब? पाऊण-एक तास. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण तोंडातलं नगर काही उतरत नाही. मध्यंतरी रस्त्याचं काम निघालं तेव्हा तेच नगर दोन तास लांब गेलं होतं. पावसाळ्यानंतर खड्डे बुजवले आणि ते पुन्हा जवळ आलं. याहून मोठी गंमत साखर कारखान्याची. आमच्या शेतातून कारखान्यावर ऊस घेऊन ट्रॅक्टर निघाला की दोन ट्रॉल्यांचं ओझं ओढत तो दोन तासांनी पोचतो. रिकामा परत येताना पाऊण तासात दारात. म्हणजे एकच रस्ता, जाताना दोन तासांचा आणि येताना पाऊण तासाचा. लहानपणापासून हे बघत आलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. मला वाटायला हवं होतं.

लेक पुण्याला शिकली, तिथेच नोकरीला लागली, लग्न झालं आणि जावईबापूंच्या नोकरीपायी दोघं सिंगापूरला गेली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा जावईबापूंनी दोन्ही तिकिटं आमच्या ह्यांच्या मोबाईलवर पाठवली, मुंबईला गाडी कधी न्यायची ते कळावं म्हणून. मी राहुरीला जाऊन ती कागदावर छापून आणली आणि फाईलला लावली. मी सगळंच फाईलला लावायची. विजेची बिलं, गाईच्या लसीचे कागद, लेकीची तिकिटं.

एका दुपारी ती फाईल काढून बसले. येतानाचं तिकीट: सिंगापूर सकाळी साडेसात, मुंबई सकाळी साडेदहा. परत जातानाचं: मुंबई सकाळी साडेअकरा, सिंगापूर संध्याकाळी साडेसात. येताना तीन तास, जाताना आठ तास. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच.

खरा शहाणा माणूस इथे कुणाला तरी विचारतो. मी विचार केला. विचार करून करून मला ट्रॅक्टर आठवला. दिवाळीला येताना पोरींच्या बॅगा रिकाम्या असतात. जाताना प्रत्येकीच्या बॅगेत लोणचं, पापड, शेवया, चकलीची भाजणी, कुणाकुणाकडे तर पाटा-वरवंटासुद्धा असेल. अशा दोनशे पोरींचं ओझं घेऊन विमान चढायचं म्हणजे आठ तास लागणारच. येताना रिकामं, तीन तासांत दारात. मी पेन्सिल खाली ठेवली. कोडं सुटलं होतं.

"अगं, इमान काय उसाची ट्रॉली हाय का?" हे अंगणात दाव्याला पीळ देत बसले होते, तिथून म्हणाले.

"वजन ते वजनच," मी म्हटलं.

"तीन तासांत मी हितनं पुण्याला पोचत न्हाई."

"तुम्ही मध्ये दोनदा चहाला उतरता."

हे पुन्हा दाव्याकडे वळले, कारण उतरतात.

तुम्ही म्हणाल, बाईंना घड्याळाचा फरक माहीत नव्हता का? होता हो. रोज संध्याकाळी सातला फोन लावायची तेव्हा लेक म्हणायची, आई, इथे साडेनऊ झाले, भांडी घासतेय. मला तो फरक पाठ होता. पण तो मी फोनपुरता ठेवला होता. राहुरी आगाराची गाडी असते तिचं वेळापत्रक राहुरीच्या घड्याळावर चालतं. गाडी कुठेही जावो, कंडक्टर काही वाटेत घड्याळ फिरवत बसत नाही. मग एका तिकिटावर दोन गावांची दोन घड्याळं कशाला छापतील? एवढं मोठं विमान चालवणारे लोक एक घड्याळ धरून चालत असणार, अशी माझी पक्की समजूत. शाळेत मधल्या सुट्टीत मी हे सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापक चहाचा कप ठेवत म्हणाले, "बाई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार." भूगोल माझ्याकडे होता, त्यामुळे त्यात कुणी हात घालत नसे. महिन्याभरात सगळ्या गावाला माहीत झालं, सिंगापूर जाताना आठ तास, येताना तीन.

इथपर्यंत ही नुसती करमणूक होती. मग लेकीला दिवस गेले.

पाचवा महिना लागल्यावर तिनं सांगितलं आणि मी त्याच दिवशी पश्चिमेकडची खोली झाडायला काढली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारण्यासारखं काही नसतं. खोलीत वारं येऊ नये म्हणून खिडकीला नवी झडप बसवली. शेक-शेगडीसाठी गोवऱ्या वाळत घातल्या. गल्लीतली एक म्हातारी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची, तिला तर मी तारीखसुद्धा देऊन टाकली. "सातव्यात येईल, डोहाळजेवण करू, मग राहील सहा महिने," असं मी साऱ्या गावाला सांगून मोकळी झाले. लेकीला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

शेवटी फोनवर तिलाही सांगितलं, तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, डॉक्टर नको म्हणतायत."

"कशाला नको?"

"लांबचा प्रवास नको म्हणतात. विमानात साडेपाच तास एका जागी बसायचं, उतरल्यावर परत मुंबईहून घरापर्यंत सात तास गाडीत..."

"विमानात किती?"

"साडेपाच तास."

मी म्हटलं, थांब जरा. आत जाऊन फाईल आणली, वही आणली, ती वजाबाकी मांडली. फोन तोवर चालूच होता. लेक तिकडे ताटकळत बसली असेल. उत्तराखाली दोन रेघा ओढूनच मी फोन कानाला लावला.

"दिवाळीला सिंगापूरहून किती वाजता निघालात?"

"आता दिवाळी कुठे आली मध्येच?"

"साडेसातला निघालात. मुंबईला साडेदहाला उतरलात. तिकीट आहे माझ्यासमोर. साडेदहातून साडेसात गेले किती?"

"आई, ते तसं नसतं. ती तिथली वेळ आणि..."

"मला भूगोल शिकवू नकोस."

"अगं, ऐक तरी."

"यायचं नसेल तर यायचं नाही म्हण. तीन तासांचे साडेपाच करून कशाला सांगतेस? असा खोटारडेपणा आपल्या घरात नव्हता. तुला कुणी पढवलंय ते कळतं मला."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी खोटं बोलतेय?"

मी म्हटलं, "वही आहे माझ्यापुढे."

तिनं फोन ठेवला. मी वही मिटली. हे दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"झाली परीक्षा?" ते म्हणाले. "किती मार्क दिले पोरीला?"

त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं बंद झालं. ती ह्यांना फोन करायची. मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबवून ऐकत राहायची आणि हे मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. "हां बाय, दूध पितीस का?... पाय सुजल्यात? उशीवर ठिवून झोप... तुजी आई? हाय की. वह्या तपासती." मग माझ्याकडे बघून फोन पुढे करायचे. मी कणीक मळलेले हात दाखवायची. कधीकधी हातांना कणीक नसायची, तरी दाखवायची. मला वाटत होतं, तिनं एकदा म्हणावं, हो आई, तीनच तास लागतात, येते मी. तेवढ्यासाठी मी खोलीची झडप रोज उघडून बंद करून बघत होते.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. त्याच दिवसांत सातवीला रेखावृत्तांचा धडा आला. दर वर्षी मी तो मोसंबं आणि बॅटरी घेऊन शिकवायची. खिडक्या लावून घ्यायच्या, मोसंब्यावर पेनानं भारत काढायचा, त्याच्या उजवीकडे जपान, आणि बॅटरीच्या उजेडात मोसंबं फिरवत विचारायचं, "सूर्य आधी कुणाला दिसला?" सगळा वर्ग ओरडायचा, "जपानला!" "मग पूर्वेकडे जाताना आपलं घड्याळ?" "पुढं करायचं!" त्या वर्षीही मी मोसंबं फिरवलं. पोरं ओरडली. मी "शाबास" म्हटलं, मोसंबं सोलून वाटलं, घरी आले आणि पुन्हा लेकीशी अबोला धरून बसले. बत्तीस पोरांना समजलेली गोष्ट शिकवणारीच्या अंगावरून घरंगळून गेली. विद्या माणसात मुरते म्हणतात, ती माझ्यात पिशवीतल्या डब्यासारखी राहिली होती. शाळेत उघडायची, शाळेत बंद करायची.

मग अबोल्याच्या सतराव्या दिवशी, रविवारी सकाळी, जावईबापूंचा फोन आला, आणि तो ह्यांच्या मोबाईलवर न येता माझ्या मोबाईलवर आला.

"आई, घाबरू नका," ते म्हणाले. असं म्हटल्यावर माणूस आधी तेच करतो. "तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आता घरी आणलंय. बाळ ठीक आहे. पण डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय. मी दिवसभर कामावर असतो. तुम्ही येता का?"

"ती म्हणाली का, मला बोलवा म्हणून?"

ते अडखळले. "ती काही म्हणाली नाही. मी म्हणतोय."

भला माणूस. त्याला खोटं बोलता आलं असतं, पण आमच्या घरात खोटेपणावरून काय रामायण झालं होतं हे त्याला माहीत होतं.

माझा पासपोर्ट लेकीच्या लग्नानंतरच काढलेला होता. साड्यांच्या घड्यांमध्ये पडून होता. व्हिसाला किती दिवस लागतील म्हणून विचारलं, तर हे गोठ्याकडे बघत म्हणाले, "त्यो झालाय." जावईबापूंनी आधीच ह्यांच्याकडून माझे फोटो आणि कागद मागवून घेतले होते. दोन पुरुषांनी मिळून माझं जाणं ठरवून टाकलं होतं आणि मी इकडे झडपेला तेल देत होते.

तीन दिवसांत बांधाबांध केली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, ओवा, सुंठ, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. खसखस मात्र काढून ठेवायला लागली. ती त्या देशात चालत नाही, सापडली तर धरतात, असं जावईबापूंनी बजावून सांगितलं होतं. आदल्या दिवशीच आम्ही मुंबईला भाच्याकडे जाऊन राहिलो. सकाळी विमानतळाच्या दारात हे म्हणाले, "नीट जा. आन् तितं गेल्यावर वही काढू नको." मी म्हटलं, "वही घरी ठेवलीय." ते हसले नाहीत. मीही नाही. तिकीट मात्र मी पुन्हा पाहून घेतलं होतं. साडेअकराला सुटणार, साडेसातला पोचणार. आठ तास. वजन भरपूर होतं, मला शंका नव्हती.

शेजारच्या खुर्चीवर पस्तिशीतला एक गृहस्थ होता. बोलण्यावरून नाशिककडचा वाटला, सिंगापूरला नोकरीला होता. त्यानं माझा पट्टा लावून दिला आणि म्हणाला, "काकू, पहिल्यांदाच का? काही लागलं तर विचारा."

"पहिल्यांदाच. पण मी भूगोलाची शिक्षिका आहे."

"अरे वा! मग तुम्हाला आम्ही काय सांगणार!" असं म्हणून त्यानं डोळे मिटले. माझ्या आयुष्यात माझं हसं टाळू शकणारी बरीच माणसं अशीच गप्प केली आहेत मी.

आठ तास म्हणजे चार-चार तासांचे दोन भाग. मी बेत केला. पहिल्या चार तासांत निम्म्या दशम्या खायच्या, दुसऱ्या चार तासांत उरलेल्या. खाली समुद्र होता, पण तो इतका स्वस्थ पडलेला की मुळा धरणाचं पाणीच कुणीतरी पसरून ठेवल्यासारखं वाटत होतं. थोडा वेळ बरं वाटलं. मग गुडघे बोलायला लागले. उभं राहावं तर वाट नाही, पाय लांब करावे तर पुढची खुर्ची. चौथ्या तासाला कमरेत कळ धरली. पावलं फुगून चपलेत मावेनात. माझ्या पोटात दोन दशम्यांपलीकडे काही नव्हतं तर ही गत, आणि मी सात महिन्यांच्या पोरीला म्हणत होते, ये. तरीही मनाची समजूत घातली, तिला कुठे आठ तास बसायचं होतं, येताना तीनच की.

माझ्या घड्याळात पाच वाजायला आले होते. खिडकीतून बघितलं तर बाहेर अंधार. पाच वाजता एवढा अंधार म्हणजे आभाळ भरून आलं असणार. विमान खाली खाली जायला लागलं, खाली दिवे दिसले, आणि धाडकन टेकलं. मला बरं वाटलं. मध्ये कुठेतरी थांबलं वाटतं, चहापाण्याला. लोक मात्र एसटी थांब्यावर उठतात तसे एकदम उठले, वरच्या फडताळांतून बॅगा ओढायला लागले. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. खिडकीची जागा होती, आणि उठावंच लागलं तर टाकायला रुमाल काढून ठेवला होता.

"काकू, चला," तो नाशिककडचा म्हणाला.

"तुम्ही या चहा घेऊन. मी बसते."

"काकू, उतरायचंय."

"तुम्ही उतरा. माझं सिंगापूरचं तिकीट आहे."

"हेच सिंगापूर."

"कसं असेल? अजून अडीच तास आहेत." मी त्याला मनगट दाखवलं. "पाच वाजलेत. साडेसातला पोचायचंय."

त्यानं माझ्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तो हसला असता तर मला सोपं गेलं असतं. तो फार हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "काकू, इथे आत्ता साडेसात वाजलेत. आपण पूर्वेकडे आलो ना? घड्याळ अडीच तास पुढे करायचं असतं. तिकिटावर निघतानाची वेळ तिथली असते आणि पोचतानाची इथली."

मला ते मोसंबं दिसलं. पेनानं काढलेला भारत, त्याच्या उजवीकडे जपान. बत्तीस पोरं एका सुरात ओरडली, पुढं करायचं.

साडेअकरा ते पाच मी बोटांवर मोजले. पाच बोटं आणि अर्धं. येतानाचे तीन घेतले, त्यात अडीच मिळवले. तेच. जाताना साडेपाच, येताना साडेपाच. लोणच्यानं विमान जड होत नाही आणि लेक खोटं बोलत नाही. विमानातली एक मुलगी येऊन गोड हसून दाराकडे हात करत होती, मागची माणसं खोळंबली होती, आणि मी तिथे रुमाल हातात धरून बसले होते. मग उठले. फुगलेल्या पायांनी चालताना एकच विचार होता, ती "मी खोटं बोलतेय?" म्हणाली तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं.

आता माझी नात मोबाईलला नुसतं विचारते आणि तो सांगतो, मुंबई ते सिंगापूर सुमारे तीन हजार नऊशे किलोमीटर, विमानानं साडेपाच तासांच्या आसपास. अर्ध्या मिनिटाचं काम. तिला मी त्यामागचं गणितही घालते: आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवर, त्यांनी आपलं लावलंय एकशेवीस अंशांवर, मधले साडेसदतीस अंश, प्रत्येकाला चार मिनिटं, झाले अडीच तास. तिला ते आवडतं. हे तिच्या आजीला कधी कळलं, ते मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती ही गोष्ट वाचेल तेव्हा कळेल.

जावईबापू न्यायला आले होते. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी पिशव्या पायाशी नीट लावल्या. मग म्हणाले, "आई, तिनं तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं, पण आता सांगतो. पाचव्या महिन्यात दोनदा अंगावरून रक्त गेलं तिच्या. डॉक्टरांनी तेव्हाच विमान बंद सांगितलं. ती म्हणाली, आईला रक्ताचं सांगितलं तर ती तिकडे जेवायची नाही. नुसतं लांबचा प्रवास नको म्हणतात, एवढंच सांगू."

म्हणजे तिनं माझ्यापासून काही लपवलं होतं खरं. ते मला जपायला लपवलं होतं, आणि जे खरं सांगितलं तेवढंच नेमकं मी खोटं ठरवलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. ओले रस्ते, ओळीनं उभी झाडं, सगळं कसं धुऊन ठेवल्यासारखं. जावईबापूंना "तुम्ही जेवलात का?" म्हणून विचारलं.

घर दहाव्या मजल्यावर होतं. चपला काढल्या, पिशव्या ठेवल्या. आतल्या खोलीत लेक भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर पडली होती. पोट किती मोठं दिसत होतं. फोनवर ते दिसत नव्हतं, फोनवर नुसता आवाज दिसायचा. मी आल्याचं तिला कळलं होतं, कारण तिचा श्वास बदलला. पण ती वळली नाही.

टॅक्सीत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तीस वर्षांत मी वर्गात कधी "मी चुकले" म्हटलं नव्हतं. फळ्यावर चूक झाली की पोरांना सांगायची, बघत होते तुमचं लक्ष आहे का. ती सवय त्या खोलीच्या दारात आडवी आली. जुळवलेलं एक वाक्य तोंडातून निघेना. शेवटी निघालं ते एवढंच:

"साडेपाच तासच लागतात गं. मी मोजले. तू खरं बोलत होतीस. चुकलं माझं."

पंखा फिरत होता. तिनं मान तेवढी वळवली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज अगदी माझ्यासारखा, वर्गात पोर उशिरा आल्यावर लागतो तसा. म्हणाली:

"साडेपाच तासांचं काय घेऊन बसलीस, आई? तू यायला एकवीस दिवस लावलेस. आता दारात उभी राहू नकोस, ये इकडे, पाठ दाब माझी."